लिंबाच्या झाडाखालचा भात

वेलिंग्टनजवळच्या टिटाही बे या किनाऱ्यावरच्या वस्तीत, चढावर, समुद्राकडे तोंड करून एक लाकडी घर होतं. रंग उडालेला, पण पायऱ्या रोज झाडलेल्या. तिथे मिस्टर एव्हारिस्त दूसे एकटे राहायचे. वय शहाऐंशी. न्यूझीलंडमध्ये साठाहून जास्त वर्षं काढून ते स्वतःला इथले म्हणवत नसत, आणि अमेरिकन म्हटलेलंही त्यांना आवडायचं नाही. "मी केजन आहे," म्हणायचे. मला ते काय असतं हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचं राज्य आहे, तिथल्या दलदलीत, खाड्यांच्या काठाने राहणारे हे लोक. पिढ्यान् पिढ्या घरात फ्रेंच बोलणारे, मासे धरणारे, ऊस तोडणारे, देवभोळे आणि गरीब. एवढं त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. बाकीचं हळूहळू कळत गेलं.

महायुद्धात विशीतला हा मुलगा सैन्याबरोबर इथे आला, इथल्याच छावणीत राहिला. नोरा नावाच्या मुलीशी ओळख झाली. युद्ध संपल्यावर बोटीने परत येऊन त्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि वेलिंग्टनच्या बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत आयुष्य काढलं. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा नोराला जाऊन पाच वर्षं झाली होती. खिडकीपाशी तिची खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसायचं नाही. मुलगी कोलेट पर्थला, ती रविवारी फोन करायची.

मी त्यांच्याकडे जायला लागले २००९ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी दोन महिने माझ्या नवऱ्याची, श्रीनाथची, वेलिंग्टनमधली नोकरी गेली होती. पुण्याहून आम्ही त्या कॉम्प्युटरच्या नोकरीच्या भरवशावर आलो होतो. मंदी आली आणि कंपनीने त्याच्यासारख्या अकरा जणांना एका शुक्रवारी घरी पाठवलं. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या बालवाडीत शिकवायचे, त्याचा इथे काही उपयोग नव्हता. म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन मदत करायची कामं मिळत होती, ती एका संस्थेतर्फे धरली. अंघोळीला हात द्यायचा, घर झाडायचं, बिछाना बदलायचा, आठवड्याचं सामान आणायचं. मिस्टर दूसेंकडचे माझे वार ठरले सोमवार आणि गुरुवार.

माझ्या उपासाचेही वार तेच. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. दोन्ही मला आईकडून आलेले. दिवसभर खायचं नाही, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की जेवायचं.

पहिल्या सोमवारी काम आटपल्यावर त्यांनी टेबलावर दोन ताटल्या मांडल्या.

"बस, शा," ते म्हणाले. शा म्हणजे त्यांच्या फ्रेंचमध्ये बाळा, लाडके, असं काहीतरी. मला वाटलं, माझं नाव विसरले.

"नको. आज माझा उपास आहे."

"उपास म्हणजे?"

"देवासाठी. आज खात नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घरी कोण कोण आहे?"

"नवरा. आणि मुलगी, नऊ वर्षांची."

"नवरा काय करतो?"

"सध्या शोधतोय."

"हं," म्हणाले, आणि एक ताटली उचलून परत कपाटात ठेवली.

गुरुवारी परत दोन ताटल्या. परत मी म्हटलं, उपास आहे. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. मी चपला घालत होते तेव्हा आतून आइस्क्रीमचा दोन लिटरचा डबा घेऊन आले, झाकणाला रबर लावलेला. डबा जड होता आणि गरम होता.

"घरी ने. मुलीला दे. आणि तूही खा," ते म्हणाले. 'तूही' वर त्यांनी जरा जोर दिला.

घरी येऊन उघडला. भात, त्यावर दाट तपकिरी रस्सा, आणि रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे.

आमच्या घरात अंडंही येत नाही. श्रीनाथकडे नाही, माझ्या माहेरी नाही. मांस मी त्यांच्यासाठी दुकानातून आणायचे ते सुद्धा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, पाकिटाचं टोक धरून. तेव्हाच सांगायला हवं होतं. 'आम्ही मांस खात नाही', एवढं इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. पण म्हाताऱ्या माणसाने स्वतः रांधून दिलेलं अन्न, त्याला नाही कसं म्हणायचं. आणि केराच्या डब्यात टाकायलाही हात होईना. आमच्या पोरिरुआच्या भाड्याच्या घरामागे एक लिंबाचं झाड होतं, आम्ही राहायला आलो तेव्हापासून किरटं. त्याच्या बुंध्याशी खुरप्याने खोल खड्डा केला, भात त्यात लोटला, वर माती ओढली आणि हात जोडून अन्नपूर्णेची माफी मागितली.

माफी मागायची आणि परत तेच करायचं, असं मी पुढे साडेतीन महिने केलं.

रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे मला आईने कधी सांगितलेलं आठवत नाही, पण कळत होतं. सोमवारी मी डब्यात शंकरपाळे भरून नेले. मिस्टर दूसेंनी झाकण उघडलं आणि हसायलाच लागले.

"तुमच्याकडेही?" म्हणाले. "आमच्या खाडीवर शेजारणीचं भांडं रिकामं परत गेलं तर ती बोलणं टाकायची. माझी आई काही नसलं तर चार अंजिरं घालायची. अंजिरं नसली तर फुलं घालायची." मग शंकरपाळा कॉफीत बुडवून तोंडात टाकला. "म्हणजे भात आवडला म्हणायचा."

"हो," मी म्हटलं. "फार."

त्या एका 'फार'ने सगळं पुढे गेलं. मी भरलेला डबा परत न्यायची, म्हणून त्यांना वाटायचं आवडतंय. त्यांना आवडतंय असं वाटायचं, म्हणून परत डबा. आठवड्यातून दोनदा. भात आणि डुक्कर, भात आणि कोंबडी, कधी भात आणि कोलंबी. मी शंकरपाळे, गुळपापडी, लिंबू पिळलेले पोहे नेत होते आणि त्यांचा भात पुरत होते.

एकदा इरा, माझी मुलगी, शाळेतून लवकर आली. मी खुरपं घेऊन बसलेली.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"झाडाला खत घालतेय."

तिने नाक पुढे केलं. "दॅट्स नॉट खत. दॅट्स समबडीज लंच."

"हळू बोल."

"जस्ट टेल हिम, आई. से नो थँक यू. इट्स नॉट हार्ड."

"मोठ्या माणसांना असं तोंडावर नाही म्हणू नये."

"बट यू कॅन बरी देअर लंच?"

मी वरची माती खुरप्याने चापून बसवली आणि तिला हातपाय धुवायला पाठवलं.

मी घर झाडायची तेव्हा ते मागेमागे काठी टेकत यायचे आणि लहानपणीचं सांगायचे. त्यांच्या खाडीकाठच्या झाडांवरून जोग्याच्या जटांसारखं राखाडी शेवाळ लोंबायचं. सहा भावंडं बापाबरोबर होडीतून जायची, लांब काठीने ते उतरवायची, पाण्यात कुजवायची, तारेवर वाळत घालायची. मग ते काळं, चिवट व्हायचं, गाद्यांत भरायला विकलं जायचं. त्यांच्या स्वतःच्या गाद्याही त्याच्याच. "रात्री कूस बदलली की गादी बोलायची," म्हणायचे. १९३२ च्या सुमाराला सगळीकडेच हलाखी आली. ऊसतोडीला कुणी बोलवेना, शेवाळाला कुणी विचारेना. कॉफी संपली तेव्हा आई रताळं भाजून, कुटून त्याचं काळं पाणी करायची आणि सगळे ते कॉफी म्हणून प्यायचे. तरी खाडीवर कुणी डुक्कर मारलं तर प्रत्येक घरी वाटा जायचा. आज याच्याकडे, पुढच्या महिन्यात त्याच्याकडे. घरी बर्फाची पेटी नव्हती, शेजारी हीच पेटी, असं ते म्हणायचे.

शाळा मात्र इंग्रजीत. फ्रेंच शब्द तोंडातून गेला की शिक्षा. "शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही," असं दोनशे वेळा इंग्रजीत लिहायचं. "पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी काय लिहितोय ते मला कळतच नव्हतं," ते म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर मी इराला जवळ घेतलं. ती म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, काही नाही.

एकदा माझा कामाचा वार बदलून मंगळवार आला. त्यांनी ताटली मांडली. मला काय करावं कळेना, मी म्हटलं, "आज उपास." मंगळवार मी धरत नाही. देवाचं नाव घेऊन मी त्या दिवशी सरळ खोटं बोलले. ते म्हणाले, "आजही?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, म्हातारपणी येतं पाणी.

जूनमध्ये संस्थेची नर्स आली. सिना तिचं नाव, सामोआ बेटांवरची, मोठ्याने हसणारी. "किया ओरा, हँडसम!" असा माओरी नमस्कार करत आली आणि वजनकाट्यावर उभं केल्यावर तिचं हसू गेलं. एप्रिलमध्ये त्रेसष्ट किलो होते, आता अठ्ठावन्न.

"जेवताय ना नीट?"

"राजासारखा," मिस्टर दूसे म्हणाले.

सिनाने मला बाहेर नेलं. "सुलेखा, तुझ्या फाइलमध्ये दर वेळी जेवणाचं लिही. पंचावन्नच्या खाली गेले तर त्यांना इथे एकटं ठेवता येणार नाही. वृद्धाश्रमाचं बोलावं लागेल."

हे त्यांना ऐकू गेलं होतं. मी आत गेले तर नोराच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. "मी या घरातून चालत बाहेर जाणार नाही," म्हणाले. "सांग तिला."

मी दर वेळी विचारायची, जेवलात? ते ओट्याकडे बोट दाखवायचे. धुतलेली ताटली उपडी घातलेली असायची. मी फाइलमध्ये लिहायची, 'पूर्ण जेवले.'

जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, शेवटच्या गुरुवारी थंडी होती. हीटरपाशी बसून त्यांनी मला कुत्र्याची गोष्ट सांगितली. मी चादरीच्या घड्या करत होते.

ते नऊ-दहा वर्षांचे होते. शाळेत गावातली मुलं दुकानातल्या पांढऱ्या पावाचं जेवण आणायची. यांच्याकडे चरबीच्या रिकाम्या डब्यात घरचा भात आणि रताळं. मुलं डब्याकडे बघून नाकं दाबायची. या पोराला इतकी लाज वाटायला लागली की शाळेच्या वाटेवरच तो डबा कुत्र्याला घालायचा. तिनुआर त्याचं नाव, म्हणजे छोटा काळू. कुत्रा रोज पुलापर्यंत यायचा, डबा चाटूनपुसून खायचा आणि परत जायचा. संध्याकाळी आई विचारायची, जेवलास? हा म्हणायचा, हो, मस्त होतं.

"आईला कळलं कसं, सांग," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं असेल."

"कुत्रा लठ्ठ झाला! त्या वर्षी अख्ख्या खाडीवर माणसांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि आमचा कुत्रा लठ्ठ!" हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं.

"मग मारलं आईने?"

"नाही. काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात डबा दिला आणि वेगळी एक कागदाची पुडी दिली. म्हणाली, हा डबा तुझा, ही पुडी तिनुआरची. त्यालाही आता सवय झाली असेल." ते थांबले. "पुलावर पुडी उघडली. भात आणि रताळं. तेवढंच. कुत्रा बघत होता. मी त्या दिवशी डबा सगळा खाल्ला, शाळेत, सगळ्यांसमोर. पण पुडी रोज येत राहिली, मला वाटलं चला, कुत्र्याचंही भागतंय. आई म्हातारी होऊन गेली, तिच्या दफनाला मी इथून गेलो, तेव्हा थोरल्या बहिणीने सांगितलं. ती पुडी आईच्या ताटातली होती. रात्री आम्हाला वाढायची आणि म्हणायची, तुम्ही खा, माझा आज उपास आहे, देवासाठी. आम्हाला वाटायचं आमची आई फार धार्मिक."

चादर माझ्या हातात तशीच राहिली.

"म्हणून सांगतो, शा," ते म्हणाले, "मला उपास ओळखता येतो. नवऱ्याला काम नाही, पोर आहे, आणि तू दर वेळी उपाशी. मंगळवारीही. मला काही बोलू नकोस. डबा घेऊन जा."

मी ओट्याकडे बघितलं. लोखंडी भांडं घासून उपडं घातलेलं. त्याचं आकारमान मला तोंडपाठ होतं, मीच ते उचलून ठेवायची. सामानाची यादी मला पाठ होती, दर आठवड्याला मीच आणायची. एप्रिलपासून त्या यादीत एकही वस्तू वाढली नव्हती. एका माणसाचं सामान, एका माणसाचं भांडं. त्यातून दोन लिटरचा डबा माझ्या घरी जात होता आणि उरलेले दिवस हा माणूस पाव, कॉफी आणि माझे शंकरपाळे यांवर काढत होता. आणि मी लिहीत होते, पूर्ण जेवले.

"आम्हाला पुरतं आता," मी कसंबसं म्हटलं. "खरंच पुरतं. डबा नको."

"ती पण अस्संच म्हणायची," ते म्हणाले, आणि डबा माझ्या पिशवीत घातला.

त्या दिवशीचा भात मी झाडाखाली घातला तेव्हा अन्नपूर्णेची माफी मागायलाही तोंड झालं नाही.

श्रीनाथला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपसमोर होता, कुठेतरी अर्ज भरत.

"उद्याच नर्सला सांगते," मी म्हटलं.

"काय सांगशील?"

"हेच. की ते मला डबा देतात."

"सुलू, तुमच्या नियमांच्या कागदावर पहिलंच काय लिहिलंय? क्लायंटकडून काही घ्यायचं नाही. तू चार महिने घेतलंस. वर फाइलमध्ये खोटं लिहिलंस."

"खोटं नाही लिहिलं. मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना? तुझी नोकरी गेली की मग काय, दोघं मिळून कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर लिंबं विकायला बसू? झाड तर लागलंय भरपूर."

खरंच लागलं होतं. पानं चकचकीत, फांद्या जमिनीला टेकलेल्या, मुठीएवढी पिवळी लिंबं. इतकी वर्षं किरटं असलेलं ते झाड त्या हिवाळ्यात लेकुरवाळं झालं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. मी पडदा ओढून घेतला.

"माझी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे," श्रीनाथ मऊ आवाजात म्हणाला. "तेवढं होऊ दे. एक आठवडा."

मी थांबले. एक आठवडा थांबले, नोकरी लागली नाही. मग आणखी एक आठवडा थांबले. त्याच्यावर ढकलत नाही मी हे. सांगायचं नव्हतं ते मलाच, त्याने फक्त कारण दिलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सिनाने परत वजन केलं. चौपन्न.

तिने माझी फाइल उघडली, पानं मागेपुढे केली. "तू लिहितेस पूर्ण जेवले. ते म्हणतात पूर्ण जेवले. ताटली धुतलेली असते." मग आवाज खाली आणला. "म्हणजे त्यांना आपण जेवलो नाही हेच आठवत नसणार. डोक्याची तपासणी करायला लागेल. मी मुलीला फोन करते."

मी तिथे उभी होते. तोंड उघडलं सुद्धा. आणि म्हटलं, "चहा घेणार का?"

त्या माणसाला पाऊणशे वर्षांपूर्वीच्या शेजारणींची नावं पाठ होती. कोणाच्या डुकराचा वाटा कोणत्या महिन्यात आला ते पाठ होतं. माझ्या फाइलमुळे त्याला विसराळू ठरवत होते.

पुढच्या गुरुवारी मी देवापाशी बसले आणि घरातून निघतानाच ठरवलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला होता. मी तो परत त्यांच्यापुढे सरकवला.

"मिस्टर दूसे, मी मांस खात नाही. आमच्या घरात कोणीच खात नाही. जन्मात खाल्लं नाही."

"पण आवडतं म्हणालीस."

"खोटं बोलले."

"सगळे डबे?"

"सगळे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुझा कुत्रा कोण?"

"काय?"

"कुणीतरी लठ्ठ झालं असेल ना?"

"लिंबाचं झाड," मी म्हटलं.

ते हसले. टेबलावर हात आपटून हसले. मी रडत होते आणि ते हसत होते. मग हसणं थांबलं आणि त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"आणि उपास?"

"ते खरे होते. देवासाठीच. एक मंगळवार सोडून."

"म्हणजे तू उपाशी नव्हतीस."

"नव्हते. मुलगीही नव्हती. आमचं चाललं होतं. तुम्ही उपाशी होतात."

"आता मी सिनाला सांगते," ताटली त्यांच्यापुढे ठेवत मी म्हटलं.

"नाही. तुला पोर आहे. तिला सांगून माझं वजन वाढणार आहे का? आता डबा जाणार नाही, मी खाईन, वाढेल वजन. कशाला तुझं काम घालवतेस?"

मी किती पटकन मान डोलावली, ते मला आठवतं. मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मला सोडलं आणि मी सुटले.

पण वजन वाढायला दिवस लागतात. पुढच्याच बुधवारी पर्थहून कोलेट आली, सिनाबरोबर टेबलापाशी बसली. मला बोलावलं होतं, त्यांच्या वस्तू कोणत्या न्यायच्या ते सांगायला. मिस्टर दूसे नोराच्या खुर्चीवर बसले होते. मी त्या खुर्चीवर कुणाला बसलेलं पहिल्यांदा बघत होते. त्यांनी बाहेर समुद्राकडे तोंड केलं होतं.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. डबा, झाड, फाइल, कुत्रा. माझं इंग्रजी मोडत होतं, तरी थांबले नाही. मिस्टर दूसे दोनदा म्हणाले, "शा, पुरे."

कोलेट रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त थकलेली दिसली. "हे डॅडचंच काम," म्हणाली. सिनाने पेन खाली ठेवलं. "सुलेखा, हे तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस तर मी दुपारचं जेवण घरपोच सुरू केलं असतं. आता..." तिने कागदाकडे बघितलं. सही झाली होती. जागा मिळाली होती. आदल्याच दिवशी ते न्हाणीत अशक्तपणामुळे पडले होते, ते मला माहीतच नव्हतं. "आणि शहाऐंशीव्या वर्षी जो माणूस स्वतःचं ताट दुसऱ्याला देतो, त्याला एकटं कसं ठेवायचं?"

माझी नोकरी गेली नाही. संस्थेने बोलावून ताकीद दिली, एका कागदावर सही घेतली, आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या एका बाईंकडे पाठवलं. ज्या भीतीपोटी मी गप्प बसले, ते काही घडलंच नाही.

ते घरातून चालतच बाहेर पडले. पायऱ्या मी झाडून ठेवल्या होत्या.

वृद्धाश्रम चांगला होता, खिडकीतून मैदान दिसायचं, समुद्र नाही. दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, मी भेटायला गेले. आइस्क्रीमचा तोच डबा नेला, त्यात वरण-भात, वर तूप, आणि त्या झाडाचं एक लिंबू कापून. तिथली मुलगी म्हणाली, "बरं झालं आलात. फारसं खात नाहीत."

त्यांनी डब्यात डोकावून बघितलं. "मांस?"

"नाही."

"मग तू आधी खा."

"मिस्टर दूसे, आज गुरुवार आहे."

"मला काय माहीत, खरा गुरुवार आहे की मंगळवार आहे," ते म्हणाले. चेहरा गंभीर होता, पण डोळे चिडवत होते. "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाणार नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. मी त्यांच्या चमच्याने पहिला घास घेतला. चावला, गिळला, तोंड उघडून दाखवलं, लहान मुलं दाखवतात तसं. मग त्यांनी चमचा घेतला. एक घास ते, एक घास मी. लिंबू त्यांनी दोनदा पिळून घेतलं. "कुत्रा चांगला पोसलायस," म्हणाले.

संध्याकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि उपास मोडल्याचं सांगितलं. त्याची माफी मात्र मागितली नाही. पुढचे सगळे गुरुवार मी तसेच मोडले. अकरा गुरुवार.

नोव्हेंबरच्या शेवटी ते गेले, झोपेतच. वजन तेव्हा अठ्ठावन्न होतं, सिनाने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती चांगल्या मनाने सांगत होती. मला मात्र वाटत राहिलं की हे अठ्ठावन्न त्यांच्या स्वतःच्या घरातही झाले असते, नोराच्या खुर्चीजवळ.

अंत्यविधीनंतर कोलेट आमच्या घरी आली. गाडीतून उतरली, हातात तो डबा. शेवटच्या गुरुवारी मी तिथेच विसरले होते. "डॅड म्हणाले होते, हा तुला परत द्यायचा," ती म्हणाली. "आणि रिकामा द्यायचा नाही. शपथ घालून ठेवली होती. काय घालू विचारलं तर म्हणाले, तुला समजेल ते. मला काहीच समजलं नाही, सॉरी."

मी झाकण उघडलं. आत पोहुतुकावाची लाल फुलं होती, वृद्धाश्रमाच्या दारातल्या झाडाची, निम्मी सुकलेली.

डबा मी धुवून ठेवला. त्यात आता तांदूळ असतात. रोज भात लावताना झाकण उघडते, तेव्हा आधी त्यांच्या नावाने मूठभर वेगळे काढते आणि मग आमचे घेते.